निरुबेन आणि जंतूंचं मेण

निरुपमा दिघेला किळस फार लवकर यायची, आणि नेमकी तिच्याच वाट्याला थुंकी आली.

लहानपणी दुधावरची साय ओठाला लागली तर ती ताटावरून उठून मोरीत पळायची. केसांचा गुंता, ओल्या पायपुसण्याचा वास, दुसऱ्याच्या कपात उरलेला चहा, काहीही तिला पुरायचं. माहेरची माणसं बडोद्यात संस्थानच्या काळापासूनची. आजोबा वसुली खात्यात होते, वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. कॉलेजात तिने सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं ते एका गैरसमजातून. जंतू इतके लहान की दिसत नाहीत, म्हणजे त्यांची किळस येण्याचा प्रश्न नाही, असं तिला वाटलं होतं. जंतू दिसत नसले तरी ते ज्यात राहतात ते दिसतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

लग्नानंतर दोन वर्षांनी क्षयरोगाच्या एका तपासणी केंद्रात तिला नोकरी लागली. पहिल्याच दिवशी तिच्यासमोर झाकणाच्या बावीस डब्या मांडलेल्या होत्या. प्रत्येकीत कुणाचा तरी सकाळचा बेडका. कुठला पाण्यासारखा, कुठला हिरवट, कुठला असा की काडीने उचलला तर दोरीसारखा लांबत जातो आणि तुटत नाही. आठव्या डबीला ती उठली, बेसिनपर्यंत पोचली नाही, दारातच ओकली. मग तिनेच ते पुसलं, आणि येऊन नवव्या डबीला बसली.

अशी तिने चोवीस वर्षं काढली. किळस काही गेली नाही. लोक म्हणायचे, सवय होते; तिला झाली नाही. तिने फक्त नियम बसवले. अकरा वाजेपर्यंत पोटात काही घालायचं नाही. श्वास तोंडाने घ्यायचा. समा भागातल्या सोसायटीत घरी आल्यावर आधी बाल्कनीत जायचं, कपडे गरम पाण्याच्या बादलीत टाकायचे, मग घरात. नवरा रमाकांत कॉलेजात संस्कृत शिकवायचा. त्या बादलीला हात लावायची त्याला मनाई होती.

कामातला एकच भाग तिला आवडायचा. काचपट्टीवर बेडका पसरून वाळवायचा, लाल रंग ओतून खालून वाफ येईपर्यंत तापवायचा आणि मग आम्लाने धुवायचा. बाकी सगळ्याचा लाल रंग धुऊन जातो. क्षयाच्या जंतूचा जात नाही, कारण त्याच्या अंगावर मेणाचा जाड थर असतो. शेवटी निळा रंग दिला की मायक्रोस्कोपखाली निळ्यावर बारीक लाल काड्या दिसायच्या, सुबक, जणू कुणी सुईच्या टोकाने काढल्यात. एवढ्या घाणीतून तेवढंच काहीतरी नीटनेटकं वर यायचं. आणि रोज ती एक कोरी काचपट्टीही सगळ्या पायऱ्यांमधून काढायची, रंगाच्या बाटलीतच काही गेलेलं नाही ना, हे पाहायला.

पाच वर्षांपूर्वी डॉ. सलील राजे तिला शोधत आला. वय चाळीसच्या आसपास, परदेशातून शिकून परतलेला, शहरातल्या एका संशोधन संस्थेत त्याने नवी प्रयोगशाळा उघडली होती.

"थुंकी नाही," तो पहिल्या भेटीतच म्हणाला. तिच्याबद्दल चौकशी करूनच तो आला होता. "फक्त रक्त आणि मेण."

"कसलं मेण?"

त्याने हातमोज्यांच्या खोक्याच्या पाठीवर पेनाने चित्र काढायला सुरुवात केली. "आपल्या रक्तात पहारा देणाऱ्या टी पेशींना जंतू अख्खा दिसत नाही. दुसऱ्या पेशी त्याचे तुकडे करून बाहेर धरतात, हे बघा कोण घुसलाय म्हणून. बहुतेक वेळा ते तुकडे प्रथिनांचे असतात. पण या जंतूचं अंगच मेणाचं. ते पाण्यात विरघळत नाही. मग ते धरायचं कसं?"

"कसं?"

"सीडी-वन नावाचं एक प्रथिन आहे. त्याला वर खोल खाच असते, आतून तेलकट. मेणाच्या रेणूला दोन लांब शेपट्या असतात. शेपट्या खाचेत सरकतात, डोकं तेवढं बाहेर राहतं. टी पेशी येते, ते डोकं चाचपते. ओळखीचं निघालं की ओरडते. म्हणजे एक द्रव्य सोडते. ते आपण जाळीवर पकडायचं. ओरडणारी एक पेशी, एक निळा डाग."

निरुपमाने ते खोकं जरा वेळ हातात धरून ठेवलं. चोवीस वर्षं जे मेण तिने लाल रंगवून मोजलं होतं, ते आपल्या रक्तातल्या पेशींनाही चाचपून कळतं, हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. पुढच्या महिन्यात ती सलीलच्या प्रयोगशाळेत रुजू झाली. तिथे सगळे तिला निरुबेन म्हणू लागले.

थुंकी गेली, किळस गेली नाही. मारलेल्या जंतूंची भुकटी बाहेरून यायची. ती क्लोरोफॉर्ममध्ये घालून मेण उतरवायचं आणि नायट्रोजनच्या झोताखाली सुकवायचं. तळाला जे उरायचं ते पिवळट पांढरं, कानातल्या मळासारखं. मग ते पुन्हा द्रावणात घेऊन गोठणपेटीत ठेवायचं.

सुरुवातीला ते काचेच्या कुप्यांत ठेवत. विशेष झाकणाच्या त्या कुप्या संपल्या, नव्या बंदरावर अडकल्या. सलील म्हणाला, "सध्या प्लास्टिकच्या नळ्या वापरा."

"क्लोरोफॉर्म प्लास्टिकमधून काहीबाही ओढून घेतो ने, सर?"

"चांगलं प्लास्टिक आहे. बरेच जण वापरतात."

ते 'सध्या' सात महिने चाललं. निरुपमाने तेवढ्यात एक केलं. प्रत्येक खेपेला मेणाच्या नळ्यांशेजारी एक नळी नुसत्या द्रावणाची भरून ठेवली, बिनमेणाची. कुणी सांगितलं नव्हतं. कोऱ्या काचपट्टीची जुनी खोड, दुसरं काही नाही.

रक्त गोळा करायला ती स्वतः जायची. क्षयातून बरे झालेले रुग्ण आणि रुग्णांच्या घरातली माणसं, असे तीस जण मिळाले. त्यात शहराबाहेरच्या बाजव्याची कौशल्या होती. तेलशुद्धीकरण कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत दोन खोल्यांत राहायची, मूळची धुळ्याकडची. नवरा कंत्राटदाराकडे वेल्डर. त्याला क्षय झाला, औषधं उशिरा सुरू झाली, आणि वर्षभर खोकून तो गेला. ते वर्ष कौशल्याने त्याच्याच खोलीत काढलं. तिला मात्र काही झालं नव्हतं.

निरुपमाने दंडाला पट्टा बांधला. कोपऱ्यात पत्र्याचा एक डबा होता, झाकण दोरीने बांधलेलं. तिची नजर तिथे गेलेली कौशल्याला दिसली.

"त्यातच थुंकायचे ते. राख घालून ठेवायची मी."

"आणि रिकामा कोण करायचं?"

"मीच ने. हाताने खरवडावं लागायचं, चिकटून बसायचं."

निरुपमाच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. "किळस नाही यायची?"

"यायची. रोज यायची. जेवणावर बसलं की तेच दिसायचं." सुई टोचली जाताना कौशल्याने मान फिरवली. "त्यांनाही कळायचं मला किळस येते ते. शेवटी शेवटी गिळून टाकायचे."

निरुपमाने सुई काढली, कापूस दाबला, आणि नळीवर नाव लिहिलं. परतीच्या रिक्षात तिने सगळा वेळ तोंड बाहेर काढून ठेवलं होतं.

निकाल उत्तम येत होते. तीसपैकी सव्वीस जणांच्या पेशी मेण पाहून ओरडल्या. अगदी सुरुवातीला, काचेच्या कुप्यांच्या दिवसांत, दहा निरोगी विद्यार्थ्यांचं रक्त तपासलेलं होतं; त्यांत एकही डाग नव्हता. सलील खुशीत होता. ज्यांचा जंतूशी संबंध आला त्यांच्या पेशी मेण लक्षात ठेवतात, इतरांच्या नाही, असं त्याने लेखाच्या मसुद्यात लिहूनही टाकलं. पुण्याच्या सहकारी प्रयोगशाळेतल्या डॉ. मुग्धा यांनी एकच खोट काढली. विद्यार्थी सगळे वीस वर्षांचे. मोठ्या वयाचं एखादं निरोगी माणूसही हवं.

"माझं घ्या," निरुपमा म्हणाली.

तिला स्वतःबद्दल खात्री होती. चोवीस वर्षांत ती एकदाही विनामास्क डबीजवळ गेली नव्हती, एकदाही हात धुवायला चुकली नव्हती. मनातल्या मनात तिने स्वतःचं नाव निरोगी माणसांच्या रकान्यात केव्हाच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने जाळी धुतली, रंग घातला आणि पाहत उभी राहिली. आधी काही नाही. मग एक निळा ठिपका, मग चार, मग पाहता पाहता जाळी भरून गेली, पावावर बुरशी चढावी तशी. सव्वीस जणांत एवढे दाट डाग कुणाचेच नव्हते.

"अरे वा!" सलील मागून वाकून म्हणाला. "निरुबेन, तुमच्या पेशींची तर जुनी ओळख निघाली. एवढी वर्षं डब्या उघडल्यात, कधीतरी श्वासातून गेलाच असणार. छान! आपल्या सिद्धांतात बसतं."

तिला त्याचं 'छान' ऐकू आलं नाही. तिला बावीस डब्या दिसत होत्या. त्यांतल्या कुठल्या तरी डबीतलं, कुणाच्या तरी छातीतलं, आपल्या आत शिरलंय आणि बसलंय. कधीपासून कुणास ठाऊक. आपण बाल्कनीत कपडे काढत होतो, बादलीला कुणाला हात लावू देत नव्हतो, आणि ते आत बसून होतं. तिने हातमोजे काढले आणि हात कोपरापर्यंत साबणाने घासले, पुन्हा घासले, कातडी लाल होईपर्यंत. मग तिला स्वतःचंच हसू आलं आणि त्या हसण्याचीही शिसारी आली.

"बीसीजीमुळे असेल," ती संध्याकाळी रमाकांतला म्हणाली. "लहानपणी टोचलेली लस. तिच्यातही तसलंच मेण असतं."

"मग तसं असेल."

"पण लस त्या दहा विद्यार्थ्यांनाही टोचलेली आहे ने."

दोन दिवसांनी एक्स-रे झाला. छाती साफ निघाली. ताप नाही, खोकला नाही, वजन होतं तेवढंच. डॉक्टरांनी रक्ताची आणखी एक तपासणी सांगितली. लस टोचलेली असली तरी जी फसत नाही, अशी ती तपासणी होती. निरुपमाने ती पुढे ढकलली. घरात मात्र तिने आपलं ताट वेगळं घासायला सुरुवात केली. रमाकांत पाहत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने तिच्या कपातला उरलेला चहा उचलला आणि तिच्यासमोर पिऊन टाकला.

"शी! काय करता अहो!" ती ओरडली. "दुसऱ्याचा उष्टा चहा! घाणेरडे कुठले!"

"तुझा आहे."

"माझा असला म्हणून काय झालं!"

तो हसायला लागला. ती हसली नाही, पण ताट त्या दिवसापासून पुन्हा एकत्र घासलं जाऊ लागलं.

रमाकांत भोळा माणूस. भावाशी फोनवर बोलताना त्याने सगळं सांगून टाकलं, आणि भाऊ ते बायकोला सांगणार हे त्याच्या लक्षात आलं नाही. थोरली जाऊ मृदुला शहरातच, अकोट्याला राहायची. तिची नात ओवी, साडेतीन वर्षांची, दर रविवारी दुपारभर निरुपमाकडे असायची. शनिवारी मृदुलाचा फोन आला.

"निरुपमा, वाईट वाटून घेऊ नकोस हं. ओवीला या रविवारी नाही पाठवत."

"तिला बरं नाही का?"

"तिला बरं आहे." मृदुला थांबली. "लहान आहे ने ती."

निरुपमाने समजावून सांगितलं. झोपलेला जंतू कुणाला लागत नाही. तो खोकल्यातून पसरतो, आणि मला खोकला नाही. आणि मुळात तो आहे की नाही हेही अजून नक्की नाही. मृदुला शिकलेली बाई, शाळेत उपमुख्याध्यापिका होती. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"हो, कळतं मला सगळं," ती म्हणाली. "तरी."

त्या एका 'तरी'ने निरुपमाचं तोंड कडू झालं. राग मृदुलाचा आला, पण पुरता येईना. उद्या उलट झालं असतं तर तिने स्वतः काय केलं असतं, हे तिला पक्कं माहीत होतं. तिने फोनही केला नसता. नुसते बहाणे सांगितले असते.

तेव्हा तिला त्या बिनमेणाच्या नळ्या आठवल्या.

विचार सरळ होता. प्लास्टिकमधून काही सुटलं असेल तर डाग मेणाचे नाहीत, प्लास्टिकचे. आणि ते प्लास्टिकचे ठरले तर आपण साफ. तिने स्वतःच्या उरलेल्या पेशी घेतल्या, जाळीच्या एका कप्प्यात सात महिने प्लास्टिकमध्ये ठेवलेलं नुसतं द्रावण सुकवून घातलं, दुसऱ्यात काचेच्या बाटलीतलं ताजं. काचेच्या बाजूला काही नाही. प्लास्टिकच्या बाजूला निळे डाग.

त्या नळीत मेणाचा कणही नव्हता. नळ्या बनवताना प्लास्टिकमध्ये जी तेलकट द्रव्यं घालतात ती क्लोरोफॉर्मने ओढून घेतली होती, तीच सीडी-वनच्या तेलकट खाचांत जाऊन बसली होती, आणि काही पेशी त्यांच्यावरच ओरडत होत्या. तिने गोठवलेल्या पेशी बाहेर काढल्या. त्या दहा विद्यार्थ्यांच्याही काढल्या. प्लास्टिकमधलं नुसतं द्रावण घातलं की विद्यार्थ्यांच्या पेशीही ओरडत होत्या. म्हणजे विद्यार्थी आणि रुग्ण यांतला फरक बराचसा कुपी आणि नळीतला फरक होता.

आता शेवटची पायरी उरली. बाजूच्या प्रयोगशाळेतून तिने काचेच्या जुन्या कुप्या मागून आणल्या, मेण नव्याने उतरवलं, काचेतच ठेवलं, आणि सगळ्यांच्या पेशींवर पुन्हा तपासलं. त्याला पाच आठवडे लागले. सव्वीसांपैकी सात उरले. आठवी ती स्वतः. प्लास्टिकमुळे चढलेले डाग गेल्यावरही तिची जाळी भरलेलीच होती. कौशल्याची तिच्या खालोखाल.

ती स्टुलावर बसली. स्वतःला साफ ठरवायला निघालो, आणि सगळ्यांना साफ करून आपण तेवढे राहिलो. त्या आठवड्यात तिने राहिलेली रक्ततपासणी करून घेतली. त्या तपासणीनेही तेच सांगितलं, जंतू आत आहे.

सगळे कागद घेऊन ती सलीलच्या खोलीत गेली. दुपारची वेळ. तो टेबलाशी लीलो चिवडो, बडोद्याचा ओलसर हिरवा चिवडा, खात बसला होता. तिने कागद ठेवले. तेलाच्या बोटांनीच त्याने पहिलं पान उलटलं. विद्यार्थ्यांच्या जाळीच्या फोटोवर पारदर्शक ठसा उमटला.

"हे काय?"

"नुसत्या द्रावणाच्या नळीला डाग येतात, सर. प्लास्टिकमधून उतरलंय. काचेत केलं तर सातच जण राहतात."

तो वाचत राहिला, मधूनच बोट चोखत. त्याला कळलं होतं. कळलं तो क्षण तिने पाहिला. चोखायचं थांबून बोट तोंडातच राहिलं होतं. मग त्याने रुमाल काढला.

"ही तुलना आपल्या आराखड्यात नव्हती," तो म्हणाला.

"नव्हती."

"मग ती लेखात यायचं कारण नाही. आपण ठरवलं ते केलं, जे आलं ते लिहिलं. पुढच्या लेखात सुधारू."

"पण हे खोटं आहे, सर."

"खोटं नाही हो, अपुरं आहे. प्रत्येक लेख अपुरा असतो." तो हसला, आणि आवाज खाली आणला. "निरुपमाताई, लेखकांत तुमचं नाव तिसरं आहे. तुमच्या पदावर हे कुणाला मिळतं? आणि सात माणसांवर कोण छापणार?"

त्याच्या दाताला चिवड्याचं हिरवं काहीतरी चिकटलं होतं आणि तो हसतच होता. बेडक्याची ओकारी घशाशी येऊन अडायची, तिला अडवायचं कसं हे ती चोवीस वर्षं शिकली होती. ही अडेना. ती उठली, बाहेरच्या बेसिनवर गेली, आणि सकाळचं सगळं बाहेर पडलं. तोंड धुतलं. परत आली.

"बरं वाटत नाहीये का?" सलील दारातच उभा होता.

"माझं नाव काढा."

"भावनेच्या भरात काही बोलू नका."

"भावना नाही, सर. किळस आली मला. तुमची."

हे आपण बोललो यावर तिचाच विश्वास बसेना. सलीलचा चेहरा पांढरा पडला. ती आपल्या टेबलाशी गेली. दर महिन्याचे आकडे पुण्याला पाठवायचं काम तिचंच होतं. त्या महिन्याच्या आकड्यांना तिने दोन्ही जाळ्यांचे फोटो जोडले, खाली चार ओळींत काय केलं ते लिहिलं, आणि सलीलला प्रत लावून पाठवून दिलं. तासाभरात डॉ. मुग्धांचं उत्तर आलं: 'हे आधी का कळलं नाही? लेख थांबवा.'

सलील तीन आठवडे तिच्याशी बोलला नाही. काम असलं तर दुसऱ्याकरवी निरोप यायचा, ती समोर बसलेली असताना. मग एक दिवस काचेच्या कुप्यांची खोकी आली, आणि सगळा अभ्यास पहिल्यापासून सुरू झाला.

त्याच काळात तिने झोपलेल्या जंतूंवरची औषधं सुरू केली. आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. त्या गोळ्यांनी लघवी शेंदरी होते, घाम पिवळा होतो. उशीच्या अभ्र्यावर नारिंगी डाग पडले, डोळे पुसले तर रुमालावर तोच रंग. बारा आठवडे ती स्वतःच्या अंगातून काय काय पाझरतं ते बघत राहिली आणि दर वेळी तिला शिसारी आली. रमाकांतने अभ्रे धुतले. या वेळी तिने त्याला मना केलं नाही, करायची ताकदच नव्हती.

औषधं संपल्यावर मृदुलाने ओवीच्या वाढदिवसाला बोलावलं. निरुपमा गेली. ओवी धावत आली आणि मांडीत चढली, आणि मृदुलाचा हात, केक कापता कापता, सुरीसकट अर्धवट वर आला आणि थांबला. कुणाच्या लक्षात आलं नाही. निरुपमाच्या आलं. तिने ओवीला पाच मिनिटं धरून ठेवलं, मुद्दामच, मग डोकं दुखतंय म्हणून रमाकांतला घेऊन निघाली. त्यानंतर कितीतरी दिवस अकोट्याला जायचं म्हटलं की तिला मळमळायचं.

लेख वर्षभराने आला, लहानसा. त्यात प्लास्टिकच्या नळ्यांवर एक परिच्छेद होता, इतरांनी काळजी घ्यावी म्हणून. निरुपमाने नाव परत घालू दिलं, कारण आता जे लिहिलं होतं ते खरं होतं. संस्थेच्या सभागृहात सलीलने त्यावर व्याख्यान दिलं. "आम्हाला सुरुवातीपासूनच शंका होती," तो म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेत बसून निरुपमाने त्याच्याकडे पाहिलं. तो नीट उभा होता, नीट बोलत होता, बोटं स्वच्छ होती. तिला पुन्हा तेच झालं. ती उठून गेली नाही; तिने तोंडाने श्वास घेतला आणि शेवटपर्यंत बसून राहिली. आजही ती त्याच प्रयोगशाळेत काम करते आणि त्याला 'सर' म्हणते. त्याच्या हातून घेतलेला कागद मात्र ती टेबलावर ठेवून मगच उचलते.

व्याख्यानानंतर आठवड्याभरात ती बाजव्याला गेली. अभ्यासाचा पुढचा टप्पा होता, रक्त पुन्हा हवं होतं. कौशल्याला निकाल सांगायचाही राहिला होता. कोपऱ्यातला डबा आता नव्हता. तिथे शिवणयंत्र आलं होतं.

निरुपमाने तिला सांगितलं, जमेल तेवढं सोपं करून. जंतूच्या अंगावर मेण असतं. तुझ्या रक्तातल्या पेशी ते ओळखतात. सगळ्यांच्या ओळखत नाहीत, तुझ्या ओळखतात. माझ्याही. मग झोपलेल्या जंतूंवरच्या बारा आठवड्यांच्या गोळ्यांचंही सांगितलं.

कौशल्या मन लावून ऐकत होती. "म्हणजे चांगलं ने?"

"आत जंतू आलाय एवढं त्यावरून कळतं. तो आटोक्यात राहील की नाही, ते नाही कळत."

"मग ह्यांच्या रक्ताला नाही का आलं ओळखता?"

निरुपमाने हातातला पट्टा गुंडाळला, उलगडला. खोटं बोलणं सोपं होतं. कौशल्याला ते पटलंही असतं.

"आलं असेल," ती म्हणाली. "बहुतेक आलंच असेल. पण नुसतं ओळखून पुरत नाही. का पुरत नाही ते आम्हालाही नाही माहीत अजून."

कौशल्याने शिवणयंत्रावरचं कापड सरळ केलं. बाहेरून टँकर गेला, खिडकीची काच थरथरली.

"गिळत जाऊ नका म्हणायला हवं होतं मी," ती म्हणाली. "किळस येत होती तरी."

निरुपमाने कौशल्याचा हात आपल्या मांडीवर घेतला, हातमोजे न घालता, आणि कोपराच्या आतल्या बाजूला बोटाने शीर शोधू लागली. डाव्या हाताची सापडेना.

"उजवा घ्या," कौशल्या म्हणाली, आणि तिनेच बाही वर केली.